डांबराची कड

बाबा राजुरा ते कोरपना जीप चालवायचे. जीप त्यांची नव्हती, मालक दुसऱ्या गावचा होता, पण आमच्या गावात तिला सगळे ‘भाऊची गाडी’ म्हणायचे. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. एसटी यायची, पण कामाच्या वेळेला यायची नाही. त्यामुळे कापसाच्या दिवसांत आमच्या गावच्या बाया वेचणीला जायच्या आणि दिवस मावळायच्या आत परतायच्या त्या बाबांच्याच जीपमधून. पुढच्या सीटवर बाबांच्या बाजूला चौघी दाटीवाटीने बसायच्या. बाबा स्वतः अर्धे आत, अर्धे बाहेर; एक मांडी सीटवर आणि एक हवेत. त्यांच्या बाजूचं दार काढूनच टाकलेलं होतं. मागे किती जणी आहेत ते कोणी पाहत नसे. वर टपावर बाप्ये आणि कापसाची गाठोडी.

मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट असं लटकून बसून खड्ड्याखड्ड्यांतून गाडी नेणाऱ्या माझ्या बापाचं मला कौतुक होतं. मी राजुऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. बाबांची जीप स्टँडवर लागलेली असली की मैत्रिणींसमोर मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन उभी राहायची.

आमच्या मागच्या घरी एक काकू राहायची. सांदवाडीतलं, म्हणजे परसातलं, कुंपण काय ते मध्ये, आणि विहीर दोन्ही घरांना एकच. काकू आईच्या बरोबरीची, तिची सून माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिला मी वहिनी म्हणायची. सासूसून दोघी वेचणीला जायच्या. वहिनीचा हात चपळ होता. संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना ती बोटांवरचे पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे मला दाखवायची आणि म्हणायची, तू शिक बाई, नाही तर तुझी बोटं अशीच होतील.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी बाया राजुऱ्याच्या बाजूच्या एका वावरात गेल्या होत्या. मी कॉलेजातून एसटीने गावाकडे निघाले होते. गाव थोडंच राहिलं होतं आणि नाल्याच्या वळणाच्या अलीकडे बस थांबली. पुढे सिमेंटच्या ट्रकांची रांग लागली होती. काही लोक खाली उतरले, काहींनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. मीही काढली. रस्त्याच्या उजव्या बाजूला, उतारावर, जीप कुशीवर पडली होती. चाकं आमच्याकडे होती. मागचा हिरवा पडदा अर्धा फाटून लोंबत होता. तो पडदा आईने तिच्या जुन्या लुगड्याचा शिवला होता. त्यामुळे गाडी कोणाची हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

जखमींना आधीच नेलं होतं. उतारावर चपला, शिदोरीचे डबे आणि फुटलेल्या गाठोड्यांतला कापूस पसरला होता. खाली उतरलेले लोक परत चढले ते बोलतच. एका ट्रकमधून आणि एका टेम्पोतून बायांना राजुऱ्याला नेलं, तिथून चंद्रपूरला नेणार, एक म्हातारी काही वाचत नाही, असं ते सांगत होते. आणि ड्रायव्हर पळून गेला. हे प्रत्येकाने सांगितलं. बाया गाडीखाली होत्या आणि हा तुरीच्या वावरात घुसून पळाला. माझ्या मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, “सापडला का तिथीच ठेचाले पाहिजे साल्याले.” बाकीच्यांनी हो म्हटलं.

त्या बसचा कंडक्टर मला ओळखत होता. बाबांनाही ओळखत होता. तिकिटांची पेटी बगलेत धरून तो मागून आला आणि माझ्या सीटला टेकून उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मागच्या माणसाला एवढंच म्हणाला की बस आता, ज्याचं त्याले माहीत. मग गाव येईपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याला माझी दया आली होती, आणि त्या दयेनेच माझं तोंड जास्त भाजलं. तोवर आपल्याला कोणी असं झाकून घ्यावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

काकू चंद्रपूरला पोचायच्या आधीच गेली. वहिनीचं कंबरेजवळचं हाड आणि मांडी मोडली. आणखी कोणाचा हात, कोणाच्या बरगड्या. बाबांना फक्त कोपरावर खरचटलं होतं. ते जंगलातून चालत आत्याच्या गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी मालकाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाले.

काकूच्या तेरवीला आई गेली. मला म्हणाली, तू नको येऊ. तरी मी गेले. कोणी आम्हाला जा म्हटलं नाही. आम्ही बसलो तेव्हा शेजारच्या बाया थोड्या सरकल्या, एवढंच. आमच्या दोघींच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. काकूच्या मुलाने सगळ्यांबरोबर आम्हालाही वाढलं. आईच्या पानावर भात पडला तसाच राहिला. घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली आणि म्हणाली, “शिव्या तरी द्याले पाहिजे होत्या त्यायनं.”

त्यानंतर आम्ही विहिरीवर भर दुपारी जायला लागलो, कोणी नसताना. आई चंद्रपूरच्या दवाखान्यात वहिनीसाठी डबा घेऊन जायची. वहिनी डबा घ्यायची, पण आईशी बोलायची नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहायची. आई डबा तिच्या उशाशी ठेवून पायऱ्यांवर येऊन बसायची आणि रिकामा झाला की घेऊन यायची.

बाबा जामिनावर सुटून आले आणि मागच्या खोलीत बसून राहिले. पोलिसांच्या कागदावर सगळ्या अपघातांना असते तीच ओळ होती, की भरधाव वेगाने आणि हयगयीने गाडी चालवून वगैरे. गावात त्यात भर पडली. कोणी म्हणालं प्यायला होता, जे खोटं होतं. कोणी म्हणालं दुसऱ्या जीपशी शर्यत लावली होती, तेही खोटं होतं. खरं काय होतं ते बाबांनी आम्हालाही सांगितलं नाही. आईने एकदाच विचारलं, आणि तेही गाडीबद्दल नाही. “गाडी उलटली ते उलटली. तुम्ही पळाले काऊन?” बाबा उठून सांदवाडीत गेले. गावाचंही खरं तर तेच म्हणणं होतं. गाड्या उलटतात हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याच गावच्या बाया, रोज भाऊ भाऊ म्हणणाऱ्या, गाडीखाली सोडून माणूस पळतो कसा, हे कोणाला गिळवत नव्हतं. मलाही नाही. कॉलेजात हजेरीला माझं पूर्ण नाव घेताना मधलं नाव आलं की मी बाकाकडे पाहायची.

उन्हाळ्यात एक डॉक्टरबाई गावात आल्या. एका मेडिकल कॉलेजातर्फे आमच्या भागातल्या रस्त्यांवर जखमी होणाऱ्यांचा त्या अभ्यास करत होत्या. लोक कुठे पडतात, कशाने पडतात, मदत कशी आणि केव्हा मिळते, पुढे त्यांचं काय होतं. त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कामातले एक इंजिनिअर होते, फारसं न बोलणारे. आधी त्या मागच्या घरी वहिनीकडे बसल्या. मग आमच्या दारात आल्या. बाबा मागच्या दाराने निघून गेले. आईने खाट टाकली, पाणी दिलं आणि सांगितलं की ते घरी नाहीत. बाईंनी मागचं उघडं दार पाहिलं असणार. पण त्या बसल्या. म्हणाल्या, मी पोलीस नाही, मला सांगितलेलं काही कोर्टात जात नाही. जीपमधल्या बायांना किंचाळ्या आठवतात, त्याआधीचं काही आठवत नाही. गाडी का उलटली हे एकाच माणसाला सांगता येईल, आणि त्याला अजून ते कोणी विचारलेलं नाही.

ते ऐकून मी दचकले. पोलिसांनी विचारलं होतं, मालकाने विचारलं होतं, आईने विचारलं होतं. पण का उलटली हे खरंच कोणी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, “मी आणतो त्यायले. तुम्ही जागा सांगा.”

एका सकाळी आम्ही वळणावर गेलो. बाई आणि इंजिनिअर आधीच आले होते. ज्यांना चालता येत होतं अशा तीन-चार जणी आल्या होत्या. वहिनी बैलबंडीत बसून आली, काखांत कुबड्या घेऊन खाली उतरली आणि बाभळीच्या सावलीत उभी राहिली. बाबा आईच्या मागून आले. अपघातानंतर ते पहिल्यांदाच रस्त्यावर आले होते. उन्हात त्यांचा चेहरा मला फार लहान झाल्यासारखा वाटला.

बाईंनी त्यांना सांगितलं, त्या दिवशी गाडी जशी आली तसे चाला आणि काय झालं ते बोला. बाबा आधी नुसतेच चालले. मग थांबून म्हणाले की समोरून सिमेंटचा टँकर आला, रस्त्याच्या मधोमध. धूळ होती. त्यांनी गाडी डावीकडे दाबली आणि डावी चाकं डांबरावरून खाली गेली. चाकं वर घ्यायला त्यांनी स्टेअरिंग उजवीकडे वळवलं, गाडी वर येईना. अजून वळवलं. मग एकदम आली आणि रस्ता ओलांडून थेट उजवीकडच्या उतारावर गेली. हे सांगताना त्यांचे हात आपोआप स्टेअरिंग धरल्यासारखे फिरले. मग त्यांना ते कळलं आणि त्यांनी हात पाठीमागे धरले.

इंजिनिअर खाली बसले. त्यांनी डांबराच्या कडेला मोजायची फीत लावली. कड तुटून खालची माती वाहून गेली होती आणि वीतभराहून खोल पायरी झाली होती. त्यांनी बायांना समजावून सांगितलं. चाक असं खाली गेलं की ते कडेला घासत राहतं, वर चढत नाही. ड्रायव्हर घाबरून आणखी वळवतो, आणि चढलं की गाडी हातातून सुटते. जड ट्रक जिथे रोज जातात तिथे कडा अशाच तुटतात. बाबांनी मान वर केली. डॉक्टरबाई लगेच म्हणाल्या की हे एक कारण. दुसरं कारण टपावरचं ओझं आणि आतली गर्दी. गाडी एवढी भरलेली नसती तर कदाचित आडवी झाली नसती. आणि गर्दी का, तर बायांना यायला दुसरं वाहन नाही. त्या हे सगळं एकाच आवाजात सांगत होत्या, कोणाकडे बोट न दाखवता.

हात मोडलेल्या बाईने विचारलं, “म्हणजे भाऊ पेला नव्हता?”

“नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाया आपापसात बोलू लागल्या. एक जण कडेवरून पाय खाली सोडून पाहू लागली, किती खोल आहे ते. दुसरी म्हणाली, रोज इथून जायचो, कधी दिसलंच नाही. मला आतून एकदम हलकं वाटलं. कित्येक महिन्यांनी मी ताठ उभी राहिले. रस्ता वाईट होता, टँकर मधून येत होता, माझ्या बापाची चूक नव्हती, किंवा होती ती थोडी होती. हे आता शिकलेल्या माणसांनी फीत लावून सांगितलं होतं. मला हसू येत होतं. मी ते आवरलंही नाही.

तेव्हा वहिनी बोलली. सासऱ्याच्या वयाच्या माणसाशी ती कधी समोरासमोर बोलत नसे. तिने पदर डोक्यावर नीट घेतला आणि रस्त्याकडे पाहत विचारलं, “भाऊ, मी तुम्हाले आवाज देला होता. ऐकू आला होता का?”

एक ट्रक गेला आणि धूळ खाली बसेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले. मला वाटलं, बाबा नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर कोणाला कळणार होतं? मी मनातून त्यांना नाही म्हणा, नाही म्हणा, असं म्हणत होते.

“आला होता,” बाबा म्हणाले.

“मंग?”

“मी तिथी होतो.” त्यांनी पलीकडच्या वावराकडे हात केला. आता तिथे तूर नव्हती, नुसती धसकटं होती. “तुरीत उभा होतो. तुहा हात दिसून राह्यला होता मले. इकडून लोकं धावत आले आन मले वाटलं, आता मले मारतात. मंग मी पळालो.”

“मामीले अजून बोलता येत होतं तवा,” वहिनी म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची. “थे मलेच म्हणून राह्यली होती का भाऊले आवाज दे. भाऊ काढल आपल्याले.”

बाबा उभे होते ते खाली बसले, रस्त्यावरच, त्या कडेवर. आई त्यांच्याकडे गेली नाही. मीही गेले नाही. माझं हसू अजून तोंडावर कुठेतरी उरलं असेल असं वाटून मी ओढणीने तोंड पुसलं. काही क्षणांपूर्वी मी ज्याच्या आनंदात होते, ते आणि हे अपघाताच्या त्या एकाच दिवशी, एकाच जागी घडलं होतं. मला त्यातलं एकच घ्यायचं होतं. बाबांच्या पळण्याची लाज मला इतके महिने वाटत होती. माझ्या त्या आनंदाची लाज नवी होती, आणि ती बाबांवर ढकलता येत नव्हती.

परतताना मी डॉक्टरबाईंच्या बाजूने चालले. त्यांना विचारलं, बाबा थांबले असते तर काकू वाचली असती का? त्या म्हणाल्या, “सांगता येणार नाही. वाचली असती असंही नाही म्हणता येत आणि नसती असंही नाही.” मग म्हणाल्या की ड्रायव्हर बहुतेक ठिकाणी पळतात, लोक मारतात म्हणून पळतात, आणि ते पळाल्यावर मदतीचे पहिले हात कमी होतात. आम्ही हेही अभ्यासात धरतो. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही गोड सांगितलं नाही, याचा मी पुढे फार विचार केला.

पावसाळ्याच्या आधी त्या वळणावर कोणीतरी मुरूम टाकला. पहिल्या मोठ्या सरींतच तो वाहून गेला. बऱ्याच वर्षांनी रस्ता रुंद झाला तेव्हा ती कड उरली नाही. बाबांवरची केस राजुऱ्याच्या कोर्टात रेंगाळली. बायांनी साक्षीत टँकरचं आणि धुळीचं सांगितलं, वहिनीनेही तेच सांगितलं. हाकेचं तिने कोर्टात काढलं नाही. कोर्टाने बाबांना सोडलं. त्या दिवशी आमच्या घरी रोजच्यासारखाच स्वयंपाक झाला.

बाबांनी पुन्हा गाडी चालवली नाही. ते दुसऱ्यांच्या वावरात रोजीने जायला लागले, तूर सोंगायला, खत टाकायला. गावात त्यांच्याशी लोक बोलत, पण भाऊ म्हणणाऱ्या बाया कमी झाल्या. आणि वहिनी विहिरीवर येताना दिसली की बाबा हातातलं सोडून बाजूला व्हायचे. बादली अर्ध्यात असली तरी दोर खुंटाला गुंडाळून ते कुंपणाच्या पलीकडे, गोठ्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. ती गेली की यायचे. हे आम्ही रोज पाहायचो आणि कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. मला ते योग्यच वाटायचं. एवढं तरी त्यांनी करावं असं वाटायचं.

पुढच्या वर्षी डॉक्टरबाई पुन्हा आल्या. जखमी झालेल्यांचं एक वर्षानंतर काय झालं ते त्यांना पाहायचं होतं. वहिनीच्या बोलीतले काही शब्द त्यांना कळत नसत, म्हणून त्या मला सोबत घेऊन गेल्या. मी त्या घराचा उंबरा काकूच्या तेरवीनंतर ओलांडला नव्हता. वहिनीने मला बस म्हटलं. मी दाराजवळच बसले.

तिने सगळं सांगितलं. कुबड्या सुटल्या होत्या, पण एक पाय आखूड झाला होता. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून निंदायला जाता येत नव्हतं आणि परसाकडेला जायचेही हाल होते. वेचणी उभ्याने होते, पण कापसाने ओटी भरली की कंबर धरते. नवरा बोलत नाही वाईट, पण पूर्वीसारखा हसतही नाही. हे सगळं मी बाईंना जमिनीकडे पाहत समजावून सांगितलं. वहिनी थांबून थांबून माझ्याकडे पाहायची, मी नीट सांगितलं का ते.

बाई निघाल्या. मी उठले तेव्हा वहिनीने मला थांबवलं.

“तुह्या बाबाले एक सांगशीन?”

मी मान हलवली.

“मी विहिरीवर आली का थे बाजूले जाते. तसं नोका करू म्हण. सारे पाहतात. मले लाज वाटते. मी का भूत आहे का?”

मी घरी येऊन लगेच सांगितलं नाही. दोन दिवस तो निरोप मी माझ्याजवळच ठेवला. मला वाटत होतं की लाज आमची आहे, सगळी आमच्या घराची आहे. आम्ही तिचा एवढा पसारा मांडला होता की त्यातला वाटा त्या लंगडणाऱ्या बाईलाही रोज पाण्यासोबत उचलावा लागत होता, हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

मग बाबा जेवून हात धूत होते तेव्हा मी त्यांना तिचेच शब्द सांगितले. त्यांनी ऐकलं. तांब्या ठेवून ते ओट्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी ते पाणी ओढत होते आणि वहिनी घागर घेऊन आली. मी ओट्यावरून पाहत होते. बाबांचा हात थांबला, पाय कुंपणाकडे वळला, आणि ते मोठ्या कष्टाने जागीच उभे राहिले. त्यांची मान खाली होती. वहिनीने घागर विहिरीच्या जगतीवर ठेवली. बाबांनी बादली वर ओढली आणि तिच्या घागरीत ओतली. अर्धं पाणी बाहेर गेलं, तिच्या लुगड्याचा काठ भिजला. ती म्हणाली, राहू द्या, मी भरतो. तिने त्यांच्या हातातून दोर घेतला. बाबा बाजूला झाले, पण गेले नाहीत. ती भरेपर्यंत तिथेच, हात खाली सोडून, उभे राहिले.